दीनबंधू अँड्रूज यांचा स्मृतिदिन खेड्यात कसा करावा?

वाचनालय_आर्वी
नमस्कार मंडळी. ५ एप्रिल हा चार्ल्स फ्रिअर अँड्रूज यांचा स्मृतिदिन. १९४० साली ते कोलकात्यात वारले. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयानं यंदा हा दिवस करायचं ठरवलंय. फोटोला हार, दोन भाषणं आणि आभारप्रदर्शन एवढ्यावर भागवायचं नाही. इंग्रज पाद्री, आणि जन्म घालवला तो दक्षिण आफ्रिका, फिजी, केनिया, आसामातल्या आपल्या मजुरांपायी. असा माणूस आपल्या जिल्ह्यात तरी माहीत असायला हवा.

येणार कोण? नववी-दहावीची मुलं, शेतमजूर, बचत गटाच्या बाया, काही म्हातारी मंडळी. वेळ दीड तास, खर्च पाच हजारांच्या आत. जागा समाजमंदिरापुढचं मैदान. विचारायचं ते असं: काय दाखवावं, काय वाचावं, बोलताना कोणत्या चुका टाळाव्यात? नुसतं "थोर होते, थोर होते" नको.

गिरमिट_वाचक
चांगला विषय काढलात. पहिली सूचना: जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं सांगत बसू नका. १८७१ चा जन्म, केंब्रिज, १९०४ ला दिल्लीत आगमन, सेंट स्टीफन्स कॉलेजात अध्यापन, हे दोन मिनिटांत उरका. त्यातलं एकच ठासून सांगा. त्या कॉलेजच्या प्राचार्यपदासाठी अँड्रूज यांचं नाव पुढे येत होतं. त्यांनी आग्रह धरला की हे पद सुशीलकुमार रुद्र यांनाच मिळावं, आणि १९०६ मध्ये रुद्र त्या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. हाताखाली काम करायला गोऱ्या माणसाला हरकत नव्हती, हे त्या काळात लहान नव्हतं.

मग थेट गिरमिटवर या, म्हणजे परदेशातल्या मळ्यांवर मजुरीला जायच्या करारावर ('अॅग्रीमेंट'चं झालं गिरमिट). कार्यक्रमाचा कणा तोच. फिजीला १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं गेली. पाच वर्षांचा करार. कराराच्या छापील अटी आज सहज मिळतात, त्याच मराठीत करून मोठ्यानं वाचा. मुख्य कलमं अशी:

पुरुषाला दिवसाला एक शिलिंग म्हणजे त्या वेळचे बारा आणे, बाईला नऊ पेन्स म्हणजे नऊ आणे. सोमवार ते शुक्रवार रोज नऊ तास, शनिवारी पाच. पहिले सहा महिने शिधा मालकाकडून, पण त्याचे रोज चार आणे मजुरीतून कापायचे. पाच वर्षांनंतर परतायचं असेल तर स्वखर्चानं, फुकट परतीचा प्रवास दहा वर्षांनंतर.

कागदावर हे फार वाईट दिसत नाही. लोकांना नेमकं हेच समजावून सांगावं लागतं. खोट पुढे होती. काम बहुतेक ठेक्यावर दिलं जाई. धडधाकट माणूस सहा तास नेटानं राबला तर जेवढं उरकेल तेवढा ठेका, असं करारात होतं. पण "धडधाकट" कोण आणि "सहा तासांचं" काम किती, हे ठरवणार मळ्यावरचा गोरा ओव्हरसियर. ठेका पुरा झाला नाही तर त्या दिवसाची मजुरी हातात पडेलच असं नाही. आणि सर्वांत वाईट हे की करार मोडणं हा दिवाणी मामला नव्हता, फौजदारी गुन्हा होता. कामावर गेला नाही तर दंड, नाहीतर तुरुंग.

भौ_कपाशीवाला
बारा आणे म्हंजे पाऊण रुपया, हे पोट्ट्यांले आधी सांगा. सोळा आण्याचा रुपया आता कोनाले आठोत नाई. नाईतर सारं वाचन डोक्यावरून जाईन.

झाडीपट्टी
गिरमिट_वाचक सर, यात एक जोडतो. मजुरांच्या खोल्या. फिजीतल्या 'कुली लाइन'मधली एक खोली १० फूट बाय ७ फूट. त्यात तीन एकटे पुरुष, नाहीतर नवरा-बायको आणि पोरं. मधल्या भिंती छपरापर्यंत जात नसत, त्यामुळे एका खोलीतलं बोलणं, भांडण, आजारपण, सगळं पुढच्या खोलीत.

हे भाषणात सांगू नका. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं १० बाय ७ चा चौकोन आखा. तीन मोठी माणसं त्यात आडवी झोपवा, पायाशी एक पेटी आणि भांड्यांचं गाठोडं ठेवा. मग आज घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटर म्हणजे साधारण २७० चौरस फूट मिळतं, तेवढा दुसरा चौकोन शेजारी आखा (१८ बाय १५ घ्या, बरोबर बसतो). मुलांना उभं करा आणि मोजू द्या. फक्की संध्याकाळी पाचनंतर टाका. दुपारी टाकली तर वाऱ्यानं आणि ढोरांच्या पायांनी पुसून जाते. दोन किलो पुरते.

निळी_पहाट_यवतमाळ
विषय चांगला आहे, पण सरळ विचारते. विदर्भात स्मरण करायला माणसं कमी आहेत का? गांधींच्या जवळच्या गोऱ्या माणसाचं कौतुक आम्ही का करावं? जातीबद्दल त्यांनी काय केलं? धागाकर्त्यांनी हे टाळू नये. गावात हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा.

गिरमिट_वाचक
ताई, प्रश्न रास्त आहे. १९३३ मध्ये अँड्रूज यांनी गांधींना लिहिलं होतं की बाकी सगळं बाजूला ठेवून उरलेलं आयुष्य अस्पृश्यता निवारणालाच द्या. गांधींनी ते मानलं नाही. आपलं जीवन एकसंध आहे, त्याचे असे तुकडे पाडता येत नाहीत, अशा आशयाचं उत्तर दिलं. बाबासाहेबांनी या पत्रव्यवहाराची दखल घेतलेली आहे. म्हणजे अँड्रूज गांधींचे होयबा नव्हते. आपल्या भागाशी धागा हवा असेल तर गांधींचा हरिजन दौरा त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३३ ला, वर्धा जिल्ह्यातूनच सुरू झाला.

पण त्यांनी जातिअंताची लढाई लढली असंही सांगू नका. त्यांचं मुख्य काम मजुरांचं. जेवढं केलं तेवढंच सांगितलं तर ऐकणारा विश्वास ठेवतो.

निळी_पहाट_यवतमाळ
हे उत्तर पटलं. मग ते पत्र कार्यक्रमात घ्या, परिच्छेदभर का होईना. आणि बाबासाहेबांचं त्यावरचं म्हणणंही त्याच दमात वाचा. एकच बाजू वाचली तर मी पुढच्या रांगेतून उठेन.

सातपुडा_धारणी
गांधींचे होयबा नव्हते याची आणखी दोन उदाहरणं, कापूसपट्ट्यात दुसरं फार चालेल.

१९१८ मध्ये गांधी खेडा जिल्ह्यात इंग्रज सैन्यासाठी भरती करत फिरले, तेव्हा अँड्रूज यांनी त्यांना स्पष्ट विरोध केला. अहिंसेशी हे जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरं १९२१ चं. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या. अँड्रूज स्वतः खादी घालत, तरीही त्यांनी लिहिलं की दुसऱ्या माणसाच्या हातचं काम असं जाळणं मनाला पटत नाही. गांधींनी ते पत्र 'यंग इंडिया'त छापलं आणि खाली उत्तर दिलं. १ सप्टेंबर १९२१ चा अंक. हे दोन माणसांनी दोन बाजूंना उभं राहून वाचावं. एक अँड्रूज, एक गांधी. आठ मिनिटांत होतं. मुलांना पाठ करायला लावू नका, कागद हातात राहू द्या. पाठ केलं की सूर वक्तृत्व स्पर्धेचा लागतो.

भौ_कपाशीवाला
हे लई झकास. त्याले जोडून १९३१ घ्या. गोलमेज परिषदेले गांधी लंडनले गेले, तवा लँकेशायरले गेले. डार्वेन गाव. खादीच्या चळवळीनं तिथल्या गिरण्या बसल्या व्हत्या, बेकार कामगार त्याइच्याशी येऊन बोलले. ह्या भेटीमागं अँड्रूजचा हात व्हता. ज्याइचा रोजगार गेला त्याइच्याच दारात जाऊन आपली बाजू मांडाची, हे त्या मानसाचं वळन. आपला खामगाव-हिंगनघाटचा कापूस साऱ्या जगाच्या बाजारात जाये. म्हनून आपल्या लोकायले ह्या गोष्टी दूरच्या वाटनार नाईत.

कॅथेड्रल_रोड
फक्त अँड्रूजच का? ऑस्कर रोमेरो (हत्या २४ मार्च १९८०, एल साल्वाडोर), डेस्मंड टुटू, फादर स्टॅन स्वामी... सगळ्यांचा एकत्र 'न्यायासाठी झटलेले धर्मगुरू' असा कार्यक्रम केला तर व्याप्ती वाढेल.

झाडीपट्टी
व्याप्ती वाढेल आणि पकड सुटेल. दीड तासात चार देश, चार राजवटी, चार लढे समजावून सांगणं जमत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला नाव, साल आणि विशेषणं उरतात. बाकीच्यांचे स्वतंत्र दिवस आहेत की. रोमेरोंचा २४ मार्च आहे, टुटूंचा २६ डिसेंबर, स्टॅन स्वामींचा ५ जुलै. वाचनालय वर्षभर चालतं.

कॅथेड्रल_रोड
मान्य. मग अँड्रूज यांच्या पाद्रीपणाबद्दल तरी नीट सांगा, कारण त्यात घोळ होतो. त्यांनी धर्म सोडला, हिंदू झाले, असं काहीबाही सांगितलं जातं. ते शेवटपर्यंत ख्रिस्ती होते. इंग्लंडच्या चर्चमध्ये १८९७ मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली होती. चर्चच्या काही पंथवचनांबद्दल, विशेषतः विश्वास न ठेवणाऱ्यांना शाप देणाऱ्या भागाबद्दल, त्यांचं मन खाऊ लागलं. १९१४ च्या सुमारास त्यांनी पाद्री म्हणून विधी चालवणं थांबवलं आणि ते शांतिनिकेतनात राहायला गेले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत पुन्हा सुरू केलं.

गावात कोणी "धर्मांतर करायला आला असेल" म्हणालं तर रागावू नका. ते मजुरांकडे धर्म घेऊन गेले नाहीत, वही घेऊन गेले. फिजीचा अहवाल पुरावा आहे. मजुरी, ठेका, खटले, बायांची स्थिती, असल्याच गोष्टींनी तो भरलाय.

मंगला_पुसद
फिजीच्या अहवालाबद्दल मला एक खटकतं, ते मांडते. अँड्रूज आणि त्यांचे सहकारी विल्यम पियरसन १९१५ मध्ये फिजीत गेले, १९१६ मध्ये अहवाल आला. त्यात बायांच्या 'नीतिमत्ते'वर बराच भर आहे. आज वाचताना टोचतं. नीतीचा प्रश्न नव्हताच, व्यवस्थेचा होता. १०० पुरुषांमागे ४० बाया पाठवायच्या हा सरकारचाच नियम. वर ओव्हरसियर आणि सरदार (मजुरांवरचे मुकादम) यांच्या हाती सगळा जोर. कुंती नावाच्या मजूर बाईनं ओव्हरसियरच्या तावडीतून सुटायला नदीत उडी घेतली, तिची हकिकत 'भारत मित्र' या हिंदी पत्रानं छापली आणि देशभर संताप झाला. म्हणजे अँड्रूज यांच्या अहवालाआधीच एका मजूर बाईची गोष्ट लोकांपर्यंत पोचली होती. कुंतीचं नाव कार्यक्रमात यायलाच हवं. आणि तिच्यासारख्या बायांबद्दल बोलताना "बिचारी" हा शब्द नको.

गिरमिट_वाचक
मंगलाताई, अगदी बरोबर. याच ओघात श्रेयाचंही बोलू. "अँड्रूजनी गिरमिट बंद केलं" हे वाक्य भाषणातून काढा. क्रम असा सांगावा. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रयत्नांनी १९११ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात मजूर पाठवणं थांबलं. १९१२ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी सगळं गिरमिटच बंद करण्याचा ठराव मांडला, तो सरकारी मतांनी पडला. फिजीत वकील मणिलाल डॉक्टर मजुरांचे खटले लढवत होते. तोताराम सनाढ्य स्वतः गिरमिट भोगून परतले आणि त्यांनी लिहिलं. १९१६ च्या मार्चमध्ये मदनमोहन मालवीयांच्या ठरावाला व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तत्त्वतः होकार दिला. १९१७ मध्ये भरती थांबली. त्याच वर्षी अँड्रूज पुन्हा फिजीत गेले, कारण होकार आणि सुटका यांत बरंच अंतर होतं आणि मळेवाले वेळ काढत होते. १ जानेवारी १९२० ला फिजीतल्या उरलेल्या करारांतून मजूर मोकळे झाले.

या साखळीतली अँड्रूज यांची कडी कोणती? आकडे आणि कलमं घेऊन जाणारा साक्षीदार. सरकारला मजुराचं बोलणं फेटाळणं सोपं होतं, केंब्रिजच्या पाद्र्याचं तितकं सोपं नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि आपल्या गोरेपणाचा त्यांनी तसा वापर केला. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो मुख्यतः यासाठी.

वाचनालय_आर्वी
मंडळी, भरभरून मिळतंय. दक्षिण आफ्रिकेचा प्रसंग घ्यावा का? डर्बन बंदरावरचा.

सातपुडा_धारणी
घ्या, पण थोडक्यात आणि नीट. १९१४ च्या जानेवारीच्या सुरुवातीला अँड्रूज आणि पियरसन डर्बनला उतरले. पाठवणारे गोखले. गांधींनी गोळीबारात मेलेल्या संपकरी मजुरांच्या दुखवट्यात डोकं मुंडलं होतं, अंगावर मजुरांसारखे साधे पांढरे कपडे. अँड्रूज यांनी ओळखलं नाही, "गांधी कुठे आहेत" असं विचारलं. दाखवल्यावर ते वाकले आणि पायांना हात लावला. तिथल्या गोऱ्या वर्तमानपत्रांना हे झोंबलं.

लोक इथंच थांबतात, ते चूक. पुढचं काम सांगा. गांधी आणि तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांच्यात बोलणी चालली त्यात अँड्रूज यांनी दोन्हीकडे ये-जा केली. त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली, तरी ते बोलणी सोडून गेले नाहीत. त्या वर्षीच्या कायद्यानं गिरमिट संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर उठला आणि आपल्या रीतीनं झालेली लग्नं मान्य झाली. तीन पौंड म्हणजे किती, तर वरच्याच दरानं एका पुरुषाची साठ दिवसांची मजुरी. फिजी आणि नाताळ यांचे दर वेगळे होते, हेही सांगून टाका.

झाडीपट्टी
आता तयारीकडे वळू या, कारण कार्यक्रम विषयामुळे पडत नाही, व्यवस्थेमुळे पडतो.

वेळ: ५ एप्रिलला वर्ध्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. जमीन तापलेली असते. सातच्या आधी मुलांना मैदानावर बसवू नका. साडेसहाला पाणी शिंपडा, पण फक्कीचे चौकोन वगळून.

फलक: आठ पुरेत, २ बाय ३ फुटांचे, उभे. दर फलकावर ७०-८० शब्दांवर जाऊ नका. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षराची उंची इंचभर हवी. हा साधा हिशेब छपाईवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो मोठा फोटो लावून मजकूर मुंगीएवढा करतो. चकचकीत फ्लेक्सवर हॅलोजन पडला की अक्षर दिसत नाही. मॅट घ्या, नाहीतर मांजरपाटावर हातानं रंगवा. कापडाचे फलक पुढच्या वर्षीही चालतात.

वारा: एप्रिलात वावधन कधी सुटेल सांगता येत नाही, सोबत अवकाळी. फलक दोरीवर वरूनच लटकवले तर ते फडफडतात आणि फाटतात. वर-खाली दोन्हीकडे बांबूची चिप घाला, खालच्या चिपेला दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी वीट बांधा. पाऊस आला तर समाजमंदिराचा हॉल उघडा हवा, किल्ली कोणाकडे आहे ते आदल्या दिवशीच पाहा.

वीज: माइकसाठी इन्व्हर्टर नाहीतर बॅटरीवरचा स्पीकर ठेवा. लाइन गेली की पहिली दहा मिनिटं सगळे "येईल, येईल" करत बसतात, त्यात कार्यक्रम मोडतो.

मंगला_पुसद
प्यायला पन्हं करा, चहा नको. शंभर माणसांना १५० मिलीचा पेला धरला तर १५ लिटर लागतं. साडेतीन किलो कैरी, चार किलो गूळ, चवीपुरतं मीठ, वेलची. कैरी सकाळीच उकडून गर काढून ठेवा आणि पाणी संध्याकाळी घाला. दुपारीच घालून ठेवलं तर या उन्हात आंबायला लागतं. पाणी रांजणातलं.

भौ_कपाशीवाला
पन्हं म्हनलं का गर्दी पक्की. आता अँड्रूज साहेबायची पुण्याई आन् मंगलाताईचा गूळ, दोन्हीवर कार्यक्रम उभा रायते.

कॅथेड्रल_रोड
मजकुराच्या हक्काबद्दल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. अँड्रूज यांना जाऊन त्याहून कितीतरी अधिक वर्षं झाली, त्यामुळे त्यांचे मूळ इंग्रजी उतारे छापायला, वाचायला मोकळे आहेत. मात्र कोणी अलीकडे केलेला मराठी अनुवाद घेतला तर तो अनुवादकाचा, त्याची परवानगी लागते. सोपं हे की उतारा निवडा आणि गावातल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून नवा अनुवाद करून घ्या. गांधींची उत्तरं त्यांच्या समग्र वाङ्मयात आहेत, ते इंटरनेटवर फुकट आहे. फोटोखाली नाव लिहिताना दोन ठिकाणी पडताळा. गांधी, अँड्रूज, पियरसन या तिघांच्या फोटोत नावांची अदलाबदल सर्रास होते.

निळी_पहाट_यवतमाळ
सगळं ठीक चाललंय. पण १९२० ला गिरमिट संपलं म्हणून टाळ्या वाजवून घरी जायचं का? यवतमाळ, वाशीम, बुलढाण्यातून ऊसतोडीला जोड्या जातात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. एक दिवस खाडा पडला तर उलटा दंड. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरची माणसं मिरची तोडायला तेलंगणात. मेळघाटातले कोरकू मिळेल त्या कामावर बाहेर. वरचा ठेका आणि हा खाडा शेजारी ठेवून पाहा.

सातपुडा_धारणी
ताई, मीही हेच सुचवणार होतो. दोन्ही अगदी सारखं आहे असं मात्र म्हणू नये. आज कामावर गेला नाही म्हणून मजुराला तुरुंगात टाकणारा कायदा नाही. उलट १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा मजुराच्या बाजूनं आहे. उचलीपायी कोणाला जबरीनं कामावर ठेवलं असेल आणि ती वेठबिगारी ठरली, तर ते कर्जच कायद्यानं संपतं. ती वेठबिगारी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असावी असं कायदाच सांगतो. अडतं कुठं? कागदावर. उचल किती, कधी, दर काय, याचा मजुराकडे चिठोराही नसतो. मुकादमाच्या वहीत अंगठा असतो, किंवा कोऱ्या कागदावर सही.

म्हणून अँड्रूज यांची रीत गावात आणा. जाण्याआधी नोंद. वाचनालयात एक रजिस्टर, रकाने असे: नाव, वय, सोबत कोण, मुकादमाचं नाव-गाव-फोन, उचल किती आणि कोणत्या तारखेला, दर कसा (टनावर, किलोवर की रोजावर), खाड्याचा दंड ठरलाय का, कामाचं गाव-तालुका-जिल्हा, निघायची आणि परतायची तारीख, सोबतची मुलं आणि त्यांची इयत्ता. नोंदीची एक प्रत मजुराला द्यायची, ती त्यानं मोबाइलवर फोटो काढून घरच्यांनाही पाठवायची.

झाडीपट्टी
यात काय बिघडतं तेही लिहितो. पहिलं, मुकादम गावातलाच, बहुधा नात्यातला. रजिस्टर त्याच्याविरुद्ध आहे असं वाटलं तर कोणी नाव लिहिणार नाही. म्हणून त्यालाही बोलवा, त्याचीही सही घ्या. त्यालाही कारखान्याकडून कमिशन अडकलेलं असतं, नोंद त्याच्याही कामी येते. दुसरं, दर विचारला की लोक "मागच्यासारखाच" म्हणतात. आकडाच लिहून घ्या. तिसरं, हे रजिस्टर भिंतीवर लावायचं नाही की व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही. कोणाच्या घरावर किती उचल आहे ही गावभर करायची गोष्ट नव्हे. कपाटात, कुलपात.

मुलांसाठी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागा, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसवता येतं. रेशन कार्डाला आधार जोडलेलं असेल तर बाहेरगावीही धान्य उचलता येतं आणि घरी राहिलेल्यांना त्यांचा वाटा इथं घेता येतो. आधार जोडणी निघायच्या महिनाभर आधीच तपासा.

मंगला_पुसद
आणि रजिस्टरमध्ये बाईचं नाव स्वतंत्र ओळीवर. "सौ." लिहून नवऱ्याच्या ओळीत कोंबू नका. गिरमिटच्या कागदावर बाईची मजुरी वेगळी लिहिलेली तरी होती. कोयत्याच्या हिशेबात तिचा पैसा वेगळा दिसतच नाही.

कॅथेड्रल_रोड
याला पूरक म्हणून चांदपूर घ्या. मे १९२१, आसामच्या चारगोला खोऱ्यातल्या चहामळ्यांतले हजारो मजूर मजुरीला कंटाळून घरी निघाले. चांदपूरच्या (आताच्या बांगलादेशातल्या) स्टेशनवर अडकले, गुरखा सैनिकांनी रात्री त्यांना हाकललं, मग पटकीची साथ. अँड्रूज तिथं धावले. शुश्रूषा केली, आणि मजुरांना गावी पोचवण्याचा खर्च सरकारनं द्यावा म्हणून भांडले. स्थलांतरित मजूर घरी परततानाच सर्वांत जास्त कोंडीत सापडतो, हे आपल्या पिढीनंही २०२० च्या टाळेबंदीत पाहिलंय.

वाचनालय_आर्वी
मंडळींनो, मनापासून आभार. समितीत बोललो. क्रम असा ठरतोय: ७ वाजता चौकोन आणि मोजणी (१५ मिनिटं), कराराचं वाचन (१०), कुंती आणि फिजी (१५), कापडाच्या होळीचं दोन आवाजांतलं वाचन (८), १९३३ चं पत्र आणि बाबासाहेबांचं म्हणणं (१०), चांदपूर (७), मग रजिस्टरची माहिती आणि प्रश्न (२५). भाषण एकच, तेही पाच मिनिटांचं. एक शंका. रजिस्टरची नोंद त्याच रात्री सुरू करावी का?

सातपुडा_धारणी
नको. ५ एप्रिलला मिरचीवाले बहुतेक बाहेरच असतील, ऊसतोडवाल्यांतलेही काही परतायचे असतील. होळीला आलेले कोरकू तेवढे घरी भेटतात. त्या रात्री फक्त रकाने दाखवा आणि लोकांना काय जोडायचं ते विचारा. खरी नोंद दसऱ्याआधी, उचल वाटली जाते तेव्हा. ऑगस्टमध्ये रजिस्टर छापून तयार ठेवा, पानं दोनशे, कार्बन कॉपीसह.

निळी_पहाट_यवतमाळ
आणि प्रश्नांची २५ मिनिटं कापू नका, कितीही उशीर झाला तरी. बाबासाहेबांचा उतारा मी टाइप करून उद्या खासगी निरोपात पाठवते. आर्वी गाठायला यवतमाळहून मोठा पल्ला आहे, पण त्या दिवशी येते.

भौ_कपाशीवाला
या ताई. पुढच्या रांगेत जागा राखून ठेवतो, उठाची पाळी येनार नाई. वाचनालयवाले भौ, मांजरपाट किती मीटर लागते ते सांगा, हिंगनघाटहून घेऊन येतो.

झाडीपट्टी
आठ फलकांना, वर-खाली चिपेसाठी चार-चार इंच दुमड धरून, ३६ इंच पन्ह्याचं पाच मीटर. कापड आडवं धरून कापा, म्हणजे पन्हा फलकाच्या उंचीकडे येतो. दुमड जाऊन उंची २८ इंच उरेल, मजकूर त्या हिशेबानं बसवा. रंगवण्याआधी एकदा धुऊन घ्या, खळ असली की रंग फुटतो. धुतल्यावर आटतं, म्हणून साडेपाच मीटर आणा.